बावन्न मिलिव्होल्टची हद्द : फोंड्यातल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

एलईडीचा उजेड फोटोडायोडवर पडतो, प्रवाह वाहतो आणि मल्टिमीटरवर आकडा संथ उभा राहतो. प्रकाश दाण्यादाण्याने येत असेल, तर या प्रवाहात पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा तडतडाट असायला हवा. तो कधी ऐकू येतो, कधी येत नाही, आणि हे कशावर ठरतं, ते साध्या सामानात मोजायचं, एवढाच हा प्रकल्प. क्वांटमचं राज्य अणूपाशी संपतं आणि तिथून पुढे न्यूटनचं सुरू होतं, अशी समजूत अजून वर्गावर्गांतून शिकवली जाते. यंदाचं क्वांटम विज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष ती मोडायला चांगलं निमित्त आहे.

आधी गणित. प्रवाहातले इलेक्ट्रॉन एकमेकांची दखल न घेता स्वतंत्रपणे येत असतील, तर दर हर्ट्झमागे चढउतारांचा वर्ग म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रभार गुणिले सरासरी प्रवाह, त्याची दुप्पट. हा वाल्टर शॉटकी यांचा १९१८चा निष्कर्ष, म्हणजेच शॉट नॉइज. १० मायक्रोअँपिअरला तो १.७९ पिकोअँपिअर प्रति √हर्ट्झ येतो. हा प्रवाह ज्या रेझिस्टरवर मोजायचा तो स्वतःही उष्णतेने गोंगाट करतो. जॉन्सन यांनी तो मोजला आणि नाइक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं, दोघांचे लेख १९२८चे. इथे चढउतारांचा वर्ग म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान गुणिले चार, भागिले रोध.

दोन्ही समान ठेवले की रोध आणि प्रवाह एकत्र येऊन एकच राशी उरते, ती म्हणजे रेझिस्टरवर पडणारा व्होल्टेज. खोलीचं तापमान २८ अंश धरलं तर तो ५१.९ मिलिव्होल्ट. रेझिस्टर एक किलोओहमचा असो वा एक मेगाओहमचा, त्यावर ५२ मिलिव्होल्ट पडले की दाणे आणि उष्णता बरोबरीला येतात. त्याखाली उष्णताच ऐकू येते. एक व्होल्ट पडला तर दाण्यांचं पारडं १९ पट जड. पूर्ण प्रकल्प या एका आकड्याभोवती बांधायचा.

१२ जुलै, शनिवार

सामान ठरलं. बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (पृष्ठभाग साधारण ७ चौरस मिलिमीटर, बायस, म्हणजे बाहेरून दिलेला व्होल्टेज, नसताना कपॅसिटन्स ७० पिकोफॅरडच्या आसपास). त्याचा प्रवाह ओप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) ऋण टोकात. फीडबॅकला १०० किलोओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर आणि त्याला समांतर २२ पिकोफॅरड. हा छोटा कपॅसिटर गाळला तर फोटोडायोडची कपॅसिटन्स सर्किटला शिट्टी वाजवायला लावते. त्यापुढे १०० नॅनोफॅरड आणि १.६ किलोओहमचा हाय-पास, म्हणजे १ किलोहर्ट्झखालचं सगळं दबतं आणि ५० हर्ट्झची घरघर बरीचशी बाहेर राहते. मग १०० पटीचं दुसरं अँप्लिफायर, आणि तिथून यूएसबी साउंड कार्डात. मोजायचा पट्टा ४ ते १४ किलोहर्ट्झ, म्हणजे बरोबर १० किलोहर्ट्झ रुंद.

१० मायक्रोअँपिअरला शेवटच्या टोकाला शॉट नॉइज १.७९ मिलिव्होल्ट आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं मूळ) आणि रेझिस्टरचा उष्ण गोंगाट ०.४१ मिलिव्होल्ट अपेक्षित. दोन्ही साउंड कार्डाला आरामात दिसणारे.

डबा पत्र्याचाच हवा. ॲल्युमिनियमचा डबा विद्युत क्षेत्र अडवतो, पण ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र त्यातून बिनदिक्कत जातं. काजूगरांचा रिकामा टिनाचा डबा चांगला, कारण आत पोलाद आणि वर कथील, त्यामुळे अर्थची तार थेट डब्यालाच सोल्डर होते. झाकणाच्या कडेला काळी चिकटपट्टी दोन पदरी. डबा चिऱ्याच्या दगडावर, मध्ये रबराची चटई. वीज दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर, लॅपटॉपही चार्जर काढून.

२० जुलै, रविवार

पहिला ओप-अँप एनई५५३४, मडगावात सहज मिळतो आणि व्होल्टेजचा गोंगाट फक्त ४ नॅनोव्होल्ट प्रति √हर्ट्झ. ५ आणि ८ क्रमांकाच्या पायांत २२ पिकोफॅरड लावला, कारण तो नसेल तर हा ओप-अँप कमी गेनला, म्हणजे सिग्नल थोड्याच पटींनी वाढवताना, स्थिर राहत नाही.

एलईडी बंद, डबा बंद, तरी पहिल्या टप्प्याच्या टोकाला ४८ मिलिव्होल्ट डीसी. गोंगाट ०.७४ मिलिव्होल्ट, अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट. उजेड शिरतोय का म्हणून डब्याभोवती टॉर्च फिरवला, आकडा ढिम्म.

दोष जागेवरच होता. एनई५५३४च्या आतले ट्रान्झिस्टर बायपोलर आहेत. त्यांच्या बेसला सुमारे अर्धा मायक्रोअँपिअर लागतो आणि तो १०० किलोओहममधूनच येतो, तेच हे ४८ मिलिव्होल्ट. त्या बेस-प्रवाहाला स्वतःचा शॉट नॉइज आहे. डेटाशीटमध्ये करंट नॉइज ०.६ पिकोअँपिअर प्रति √हर्ट्झ लिहिलेला असतो, रेझिस्टरचा ०.४१. दोघांच्या वर्गांची बेरीज करून मूळ काढलं की ०.७३, म्हणजे टोकाला ०.७३ मिलिव्होल्ट. मोजलेल्या आकड्याशी जुळलं. ओप-अँप निवडताना फक्त नॅनोव्होल्टचा रकाना बघितला की हे होतं. स्रोताचा रोध मोठा असेल तर पिकोअँपिअरचा रकाना आधी वाचायचा.

२७ जुलै, रविवार

ओपीए१३४ आला. तो मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून मागवावा लागला. याच्या आत एफईटी (जवळजवळ बेस-प्रवाह न लागणारे ट्रान्झिस्टर), व्होल्टेजचा गोंगाट ८ नॅनोव्होल्ट, पण करंट नॉइज फेम्टोअँपिअरमध्ये. या भागांत नकली माल बराच फिरतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे अंधारातला डीसी. खऱ्या एफईटी ओप-अँपला तो एक-दोन मिलिव्होल्टांच्या आत राहतो. हा राहिला. अंधारातला गोंगाट ०.४४ मिलिव्होल्ट, जवळजवळ सगळा रेझिस्टरचाच.

दुपारी पावसाची सर आल्यावर डीसी तीन मिलिव्होल्टांनी सरकला आणि गोंगाटात अधूनमधून टिचक्या येऊ लागल्या. खोलीत आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर. सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स ओल शोषतो, आणि मग ९ व्होल्टच्या पट्टीपासून ऋण टोकापर्यंत बोर्डाच्या अंगावरूनच प्रवाह झिरपतो. तीन मिलिव्होल्ट म्हणजे ३० नॅनोअँपिअर, म्हणजे बोर्डाचा रोध फक्त ३०० मेगाओहम. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड दोनदा धुतला, हेअर ड्रायरने दहा मिनिटं वाळवला, ऋण टोकाच्या भोवती अर्थला जोडलेलं तांब्याचं कडं ठेवलं, डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्या टाकल्या. सरकणं अर्ध्या मिलिव्होल्टच्या आत आलं. गोव्यात जून ते सप्टेंबर ही कामं मोजणीइतकीच महत्त्वाची धरावीत. सिलिका जेल दर आठवड्याला तव्यावर मंद आचेवर तापवायचं.

३ ऑगस्ट, रविवार

आज मुख्य आलेख. लाल एलईडी बॅटरीवर, फोटोडायोडपासून ४ सेंटिमीटर. एलईडीचा प्रवाह बदलत फोटोडायोडचा प्रवाह ०.१ ते २० मायक्रोअँपिअरपर्यंत बारा पायऱ्यांनी नेला. प्रत्येक पायरीला ६० सेकंद रेकॉर्डिंग, ४८ किलोहर्ट्झवर. नंतर पायथनमध्ये वेल्च पद्धतीने वर्णपट (कुठल्या वारंवारतेला किती गोंगाट) काढून ४ ते १४ किलोहर्ट्झमधलं प्रचरण, म्हणजे चढउतारांच्या वर्गाची सरासरी. १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ६० सेकंद म्हणजे सहा लाख स्वतंत्र नमुने, त्यामुळे प्रचरणातली सांख्यिकी चूक फक्त ०.१३ टक्के. खरी भीती गेनच्या चुकीची, कारण प्रचरणात गेनचा वर्ग येतो.

आणि तिथेच पहिल्या फेरीत घोळ झाला. आलेख सरळ आला, पण उतारावरून काढलेला इलेक्ट्रॉनचा प्रभार १.३ × १०⁻¹⁹ कूलोम निघाला. कारण कॅलिब्रेशन. ७ किलोहर्ट्झची साइन लहर साध्या मल्टिमीटरने मोजून गेन काढला होता, पण अशा मल्टिमीटरचा एसी रेंज काही शे हर्ट्झपर्यंतच विश्वासाचा असतो. त्यावर तो कमी-जास्त दाखवतो आणि कुठेही इशारा देत नाही. उपाय म्हणून २०० हर्ट्झची लहर मल्टिमीटरने मोजून आधी साउंड कार्ड कॅलिब्रेट केलं आणि मग त्याच साउंड कार्डाने ७ किलोहर्ट्झला अँप्लिफायरच्या आधी आणि नंतर मोजून गेन काढला. आता प्रभार १.५७ × १०⁻¹⁹, खरा आकडा १.६०२ × १०⁻¹⁹. दोन टक्क्यांचा फरक रेझिस्टरची एक टक्का सहनशीलता आणि मल्टिमीटर यांच्यात संपतो.

पाहण्यासारखी जागा मात्र आलेखाच्या खालच्या कोपऱ्यात आहे. पहिल्या टप्प्यावरचा डीसी १० मिलिव्होल्ट असताना प्रचरण अंधारापेक्षा जेमतेम वेगळं. ६० मिलिव्होल्टच्या थोडं आधी-मागे ते अंधाराच्या दुप्पट होतं. गणिताने ५२ सांगितले होते. वरचे आठेक मिलिव्होल्ट ओप-अँपच्या स्वतःच्या गोंगाटाचे. उजेड तोच, फोटोडायोड तोच. १०० किलोओहम काढून १० किलोओहम लावला, की अर्धा मायक्रोअँपिअर पुन्हा संथ, अखंड प्रवाह म्हणून दिसतो.

१० ऑगस्ट, रविवार

सरळ रेषा आली म्हणजे फोटॉन दिसले, असं लिहिण्याचा मोह टाळायला हवा. प्रकाश साधी अभिजात, म्हणजे क्वांटमपूर्व भौतिकीतली अखंड लहर मानली आणि इलेक्ट्रॉन मात्र एकेक करून, यादृच्छिकपणे सुटतात असं धरलं, तरी हीच रेषा येते. शॉट नॉइज दाणे दाखवतो, पण ते प्रकाशाचे की इलेक्ट्रॉनचे, हे त्यातून ठरत नाही. प्रकाशाची स्वतःची क्वांटम खूण पहिल्यांदा स्पष्ट दिसली ती १९७७मध्ये, किंबल, दाजने आणि मँडेल यांच्या सोडियम अणूंवरच्या प्रयोगात: एक फोटॉन निघाला की लगेच दुसरा निघत नाही.

म्हणून हद्द नेमकी मांडू. मोजलेलं प्रचरण भागिले त्याच प्रवाहाचं शॉट नॉइज, याला फॅनो गुणांक म्हणतात. तो १ किंवा त्याहून जास्त असेल तर अभिजात लहरीने भागतं. १ च्या खाली गेला की भागत नाही, कारण कितीही स्थिर लहर घेतली तरी यादृच्छिक सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा गोंगाट १ च्या खाली जाऊच शकत नाही.

आज १ च्या वरची बाजू तपासली. तोच एलईडी मोबाइलच्या ५ व्होल्ट चार्जरवर चालवला. चार्जरचं रिपल (व्होल्टेजची थरथर) उजेडात उतरतं आणि प्रचरण प्रवाहाच्या वर्गाने वाढतं. १० मायक्रोअँपिअरला गुणांक ७. आता एलईडीला हात न लावता मध्ये पातळ कागदाचे थर घालत उजेड कमी केला. ५ मायक्रोअँपिअरला ४, १ मायक्रोअँपिअरला १.६, ०.३ मायक्रोअँपिअरला १.२. स्रोत तितकाच गचाळ आहे, पण पोचलेला उजेड थोडा असल्याने तो आदर्श दिसू लागतो. पोचलेल्या प्रकाशाचा वाटा η मानला तर नियम असा: मोजलेला गुणांक उणे १ म्हणजे मूळ गुणांक उणे १, गुणिले η. गळती सगळ्या उजेडाला १ कडे ओढते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

फोटोडायोड काढून टाकला. त्याच जागी १२ व्होल्ट बॅटरीतून १.२२ मेगाओहममार्गे (१ मेगाओहम आणि २२० किलोओहम, दोन्ही मेटल फिल्म) ९.८ मायक्रोअँपिअर सोडला. उजेडाच्या तितक्याच प्रवाहाला गोंगाट १.८४ मिलिव्होल्ट होता. इथे ०.४६. म्हणजे अंधारातल्या ०.४४पेक्षा किंचित जास्त, आणि तेवढी वाढ १.२२ मेगाओहमच्या उष्ण गोंगाटाची.

प्रवाह तोच आणि इलेक्ट्रॉनही तेच, तरी तडतडाट नाही. धातूत इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, जाळीवर आपटून ऊर्जा देत-घेत जातात, आणि इतक्या लांब वाटेवर त्यांचं स्वतंत्रपण पुसलं जातं. तार मायक्रोमीटरहून तोकडी आणि एका केल्व्हिनच्या आसपास थंड केली, तर मात्र शॉट नॉइज परत डोकावतो, पूर्ण मापाच्या एक-तृतीयांश. हद्द इथे तारेच्या लांबीवर ठरते.

या जागी कार्बन फिल्म रेझिस्टर लावू नये. त्याच्यावर १२ व्होल्ट पडले की तो स्वतःचा जादा गोंगाट काढतो आणि तोच शॉट नॉइज म्हणून वाचला जातो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

चवथीचा दुसरा दिवस. आजूबाजूच्या घरांत रोषणाईच्या माळा, आणि वर्णपटात ६ व ११ किलोहर्ट्झजवळ सुळे. माळांच्या स्वस्त पॉवर सप्लायचा गोंगाट तारांवरून येतो, बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटलाही साउंड कार्डच्या केबलमधून गाठतो. केबलवर फेराइटची कडी चढवली, सुळे निम्मे झाले. रात्री आठला वीज गेली तेव्हाचं पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग या दोन महिन्यांतलं सगळ्यात स्वच्छ.

घुमट-आरतीच्या वेळी दर ठेक्याला वर्णपटात फुगवटा दिसला. कारण पहिल्या टप्प्यानंतरचा १०० नॅनोफॅरड सिरॅमिक जातीचा होता. असे कपॅसिटर दाबाला व्होल्टेज देतात, म्हणजे मायक्रोफोनच झाला तो. पॉलिएस्टरचा लावला. फुगवटा गेला.

१४ सप्टेंबर, रविवार

आता १ च्या खाली. १९८७मध्ये टॅपस्टर, रॅरिटी आणि सॅचेल यांनी साध्या एलईडीतून हे करून दाखवलं. युक्ती आधीच्या नोंदींतच आहे. मेटल फिल्म रेझिस्टरमधला प्रवाह शिस्तीत चालतो. त्या शिस्तीने इलेक्ट्रॉन एलईडीत गेले आणि प्रत्येकाने एक फोटॉन दिला, तर फोटॉनही शिस्तीत निघतील. शिस्त किती, हे पुन्हा ५२ मिलिव्होल्टच सांगतात: एलईडीच्या मालिकेतल्या २.२ किलोओहमवर १०.८ व्होल्ट पडतात, म्हणजे उष्णतेचा अडथळा ५२ मिलिव्होल्ट भागिले १०.८ व्होल्ट, अर्ध्या टक्क्याहून कमी. एकच आकडा मोजणाऱ्याच्या बाजूला आणि देणाऱ्याच्याही बाजूला. हे जुळणं या प्रकल्पातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

अडचण गळतीची. आजवरच्या मांडणीत एलईडीच्या हजार इलेक्ट्रॉनांमागे जेमतेम एक फोटोडायोडमध्ये निघत होता. तेव्हा गुणांक ०.९९९ आला असता, आणि तो १ पासून वेगळा ओळखणं या साउंड कार्डच्या हातचं नाही. किमान दहा टक्के हवेत.

८८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी घेतला. त्याचा घुमट पॉलिश पेपरने (४००, ८००, १५००, मग टूथपेस्ट) सपाट घासून चिपच्या वर एक मिलिमीटर राहील इतका उतरवला आणि फोटोडायोडला चिकटवून उभा केला. हवेच्या फटीत प्रकाश परत फिरतो म्हणून मध्ये ग्लिसरीनचा थेंब. पोच, म्हणजे एलईडीच्या शंभर इलेक्ट्रॉनांमागे फोटोडायोडमध्ये निघणारे, ६ टक्क्यांवरून ११ वर गेली. पण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. दोन तासांत ते फोटोडायोडच्या पायांवर उतरलं आणि डीसी सरकू लागला. पुसून, धुऊन, पारदर्शक सिलिकॉन ग्रीस लावलं. १०.८ टक्के, आणि तसेच टिकले.

प्रवाह आता मोठा, फोटोडायोडला अर्धा मिलिअँपिअर. बायसशिवाय तो वाकतो म्हणून ९ व्होल्ट उलटा बायस. फीडबॅक ४.७ किलोओहम. आणि ओप-अँप पुन्हा एनई५५३४: रोध लहान असल्याने त्याचा ०.६ पिकोअँपिअर इथे किरकोळ ठरतो आणि ४ नॅनोव्होल्ट कामाला येतात. हाय-पासही बदलून १ मायक्रोफॅरड आणि १६० ओहम. अंधारातला गोंगाट शॉट नॉइजच्या सुमारे ३ टक्के.

२१ सप्टेंबर, रविवार

दहा टक्क्यांचा फरक पटवायचा तर गेनवर अवलंबून राहता येत नाही, तुलना लागते. तुलनेला टॉर्चचा जुना तारवाला बल्ब, ६ व्होल्ट बॅटरीवर, त्याच फोटोडायोडपुढे. गरम तारेचा उजेड असंख्य लहरींची खिचडी असल्याने त्याचा जादा गोंगाट नगण्य आणि गुणांक १ असतो. दोन्हींचा डीसी २.४९ व्होल्टवर अर्ध्या टक्क्याच्या आत जुळवायचा, ६० सेकंद बल्ब, ६० सेकंद एलईडी, असे दहा फेरे. बल्बने फोटोडायोड तापतो, म्हणून प्रत्येक फेरीआधी दोन मिनिटं थांबायचं.

अंधारातलं प्रचरण वजा करून एलईडी भागिले बल्ब: ०.९०, चूक ०.०१. अपेक्षा ०.८९.

बल्बच जादा गोंगाट करत असेल तर भागाकार असाच कमी येईल. ही शंका सोडून पुढे जाता येणार नाही. म्हणून तिसरा स्रोत: सहा इन्फ्रारेड एलईडी दूर मांडून त्यांच्याकडून तेवढाच अर्धा मिलिअँपिअर. त्यांची पोच दोन टक्क्यांच्या आत, म्हणजे गुणांक जवळजवळ १. बल्बशी तुलना ०.९९, चूक ०.०१. बल्ब निर्दोष.

मग ग्रीस पुसून एलईडी १२ मिलिमीटर मागे नेला. फोटोडायोडचा प्रवाह ०.१० मिलिअँपिअर, पोच २ टक्के. बल्बही तितक्यावर आणला. ०.९८, चूक ०.०२. खाली गेलेलं सगळं १ मध्ये बुडालं. शेवटी झेनर डायोडचा गोंगाट कपॅसिटरमधून एलईडीत मुद्दाम मिसळला: जवळ असताना १.२१, मागे नेल्यावर १.०४. वरचा आणि खालचा, दोन्ही प्रकारचा प्रकाश बारा मिलिमीटरांत एकसारखा झाला.

एलईडीतून निघणारा प्रकाश या सगळ्या वेळात बदललेला नाही. उरलेले फोटॉन काजूच्या डब्याच्या भिंतीने टिपले. भिंत काय टिपलं ते आपल्याला सांगत नाही, आणि शिस्तीची खबर त्या न सांगितलेल्या भागात आहे. १९७०मध्ये भौतिकशास्त्रज्ञ झे यांनी ज्या विचाराला सुरुवात केली, की परिसर सतत वस्तूची खबर काढून घेतो आणि म्हणून ती अभिजात दिसते, त्याचं इतकं स्वस्त प्रात्यक्षिक दुसरं सुचत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल भौतिकीचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना जाहीर झालं, १९८४-८५च्या बर्कलीतल्या कामासाठी: हातात धरता येईल एवढ्या सर्किटमध्ये क्वांटम टनेलिंग (ऊर्जेचा अडसर न ओलांडता त्यातून आरपार जाणं) आणि ऊर्जेच्या पायऱ्या. त्यातला आपल्या कामाशी जुळणारा भाग फिल्टरांचा. खोलीच्या तापमानाच्या तारांमधून मायक्रोवेव्ह गोंगाट खाली उतरला, तर जोसेफसन जंक्शन (दोन अतिवाहकांमधला पातळ निरोधक थर) उष्णतेने निसटलं की टनेलिंगने, ते कळणार नाही. तो अडवायला तांब्याच्या भुकटीचे फिल्टर बनवले गेले. सर्किट मोठं असणं आड आलं नाही, आड येत होती ती मोजणीची तार.

याच दिशेचं सैद्धांतिक काम कोफ्लर आणि ब्रुकनर यांचं, २००७चं. मोठ्या स्पिनवर डिकोहेरन्स, म्हणजे परिसराने खबर काढून घेणं, नसला तरी, मोजपट्टीचे आखे स्पिनच्या वर्गमुळाहून जाड असतील तर निकाल अभिजात नियमांनी समजावता येतात. उलट टोकाला लायगो, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा: तिथे २०२०मध्ये दाखवलं गेलं, की प्रकाशाच्या क्वांटम चढउतारांनी ४० किलोचे आरसे हलतात, १०⁻²⁰ मीटरच्या घरात. हिंगोलीतल्या लायगो-इंडियालाही गळतीचा हाच नियम लागू पडेल. वाटेत २० टक्के प्रकाश गमावला तर गोंगाट कितीही दाबून पाठवा, मोजताना तो ७ डेसिबलहून जास्त खाली जाणार नाही. आमचे १०.८ टक्के त्याच सूत्रात घातले की अर्धा डेसिबल.

१२ ऑक्टोबर, रविवार

पोच वाढवायला दोन जागा उरल्या आहेत. फोटोडायोडच्या पृष्ठभागावरून परत फिरणारा प्रकाश: तो ४५ अंशांत तिरका ठेवून परावर्तन दुसऱ्या बीपीडब्ल्यू३४वर घ्यायचं आणि दोन्हींचे प्रवाह एकाच ऋण टोकात जोडायचे. कपॅसिटन्स दुप्पट होईल, म्हणून फीडबॅकचा कपॅसिटर पुन्हा मोजून ठरवायचा. दुसरी जागा एलईडीचा प्रवाह: ४.९ मिलिअँपिअरला या जातीचा एलईडी आपल्या उत्तम कार्यक्षमतेला पोचत नाही, २० मिलिअँपिअरला जास्त देईल. तेव्हा मालिकेतला रेझिस्टर ५६० ओहमचा अर्धा वॉटचा लावावा लागेल, पाव वॉटचा मर्यादेच्या फार जवळ तापेल. फोटोडायोडला तेव्हा दोन मिलिअँपिअर, आणि फीडबॅक १.२ किलोओहम.

मोजणी १८ तारखेच्या आत उरकायची. १९च्या रात्री दिवाळीच्या नरकासुरांचे स्पीकर सुरू झाले की चिऱ्याचा दगडही पुरणार नाही.